भाऊ दाजी लाड

डॉ. भाऊ दाजी लाड, मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड (जन्म : मांद्रे, गोवा, इ.स. १८२२, मृत्यू : मुंबई, ३१ मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे एक नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्या संशोधक आणि समाजसुधारक होते. शिलालेखांचे वाचक आणि मुंबईच्या संग्रहालयाचे एक आधारस्तंभ म्हणून त्यांचे नाव आज अधिक परिचित आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रुग्णसेवेत गेला. कुष्ठरोग्यांवर त्यांनी केलेले उपचार हा त्या सेवेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वादग्रस्त भाग होय.

बालपण व शिक्षण

भाऊ दाजींचा जन्म गोव्यातील पेडणे भागात एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. 'दाजी' हे वडिलांचे घरगुती नाव. कुटुंबाची परिस्थिती बेताची होती. ते लहान असतानाच हे कुटुंब मुंबईस आले. बुद्धिबळातील त्यांचे कौशल्य पाहून एका इंग्रज अधिकाऱ्याने या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्यांच्या वडिलांना सुचविल्याचे सांगितले जाते. नारायणशास्त्री पुराणिक यांच्या मराठी शाळेत व नंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले व पुढे तेथेच त्यांनी अध्यापनही केले. काठेवाड व कच्छमधील स्त्रीबालहत्येच्या प्रथेवर लिहिलेल्या निबंधास त्यांना ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले.

इ.स. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा भाऊ दाजी त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होते. इ.स. १८५१ मध्ये येथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडीत त्यांच्याबरोबर आत्माराम पांडुरंग तर्खडकर हेही होते. प्रेताचे विच्छेदन हा त्या काळी उच्चवर्णीय कुटुंबांत निषिद्ध मानला जाणारा विषय असल्याने या विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकताना घरच्या व जातीच्या रोषाची चिंता बाळगावी लागे. पदवीनंतर हिंदी डॉक्टरांस सरकारी नोकरीत दुय्यम दर्जाची जागा मिळे. भाऊ दाजींनी अशी नोकरी अल्पकाळच केली आणि ती सोडून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

वैद्यकीय कार्य

शस्त्रक्रियेतील कौशल्यामुळे त्यांचा लौकिक लवकरच पसरला. संस्थानिक, व्यापारी आणि इंग्रज अधिकारी त्यांच्याकडे येत. गरिबांसाठी त्यांनी मोफत दवाखाना चालविला. त्या कामात त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांची त्यांना साथ होती. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील वनस्पतींची नावे आणि प्रत्यक्ष झाडे यांचा मेळ घालणे हा दोघा बंधूंचा आवडीचा अभ्यासविषय होता. कुष्ठरोगावरील औषधाचा शोध याच अभ्यासातून पुढे आला असे म्हणावे लागते.

कुष्ठरोग आणि तत्कालीन वैद्यकीय दृष्टी

या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी कुष्ठरोग्याची स्थिती काय होती हे पाहणे आवश्यक आहे. 'महारोग' किंवा 'रक्तपिती' या नावांनी ओळखला जाणारा हा विकार पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजला जाई. रोगामुळे मज्जातंतू निकामी होऊन हातापायांची संवेदना जाते, बोटे वाकतात, न कळता झालेल्या जखमा चिघळतात आणि डोळेही अधू होतात. रोग्याला येणारे हे अपंगत्व समाजाच्या दृष्टीने त्याच्या पापाचा पुरावा ठरे. हिंदू वारसा-कायद्याच्या जुन्या व्यवस्थेत आंधळे, बहिरे, मुके यांच्याप्रमाणेच कुष्ठरोग्यासही वडिलार्जित मालमत्तेतील वाटा नाकारला जाई. ही अपात्रता कायद्याने दूर व्हायला इ.स. १९२८ उजाडले.

डॉक्टरवर्गाची दृष्टी याहून वेगळी असावी अशी अपेक्षा होती, परंतु ती फारशी वेगळी नव्हती. मुंबईत अशा रोग्यांना आसरा होता तो मुख्यतः सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या धर्मशाळेचा. तेथे निराधार वृद्ध, अंध, पंगू आणि कुष्ठरोगी एकत्र ठेवलेले असत. अन्न व निवारा मिळे, पण बरे होण्याची अपेक्षा त्यांच्याबद्दल कोणी बाळगीत नसे. रोगाच्या कारणांविषयी दोन मते होती. नॉर्वेतील डॅनिएलसन व बोएक यांच्या इ.स. १८४७ मधील ग्रंथापासून तो आनुवंशिक असल्याचे मत प्रबळ झाले होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटिश वसाहतींतून माहिती मागवून इ.स. १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानेही हा रोग संसर्गजन्य नसल्याचे सांगितले. दुसरे मत संसर्गाचे होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी मुंबईतील रोग्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. पुढे नॉर्वेची पाहणी करून आल्यावर ते रोग्यांना वेगळे ठेवण्याचे पुरस्कर्ते झाले. त्यांचा अभ्यास मोलाचा होता यात शंका नाही. तथापि पहिले मत मान्य केले तर रोग्याचे सारे घराणे डागाळे, आणि दुसरे मान्य केले तर रोग्याला कोंडून ठेवणे ओघानेच येई. आधीच वाकलेल्या हाताचे आणि जखमी पायाचे काय करायचे, या रोग्याच्या स्वतःच्या प्रश्नाला दोन्ही मतांत फारसे स्थान नव्हते.

भाऊ दाजींचे औषध

भाऊ दाजींनी हा रोग उपचारयोग्य मानला, हे त्यांचे वेगळेपण होय. कोकणात व सह्याद्रीच्या जंगलात आढळणाऱ्या कडू कवठ किंवा खष्ट या झाडाच्या बियांचे तेल त्यांनी रोग्यांवर वापरले. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाने वर्णिलेले कुष्ठावरील औषध याच वर्गातील मानले जाते. पूर्व भारतातील चौलमुगरा तेलाची माहिती डॉ. फ्रेडरिक जॉन मौआट यांनी इ.स. १८५४ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केली होती. खष्टाचे झाड चौलमुगऱ्याच्या नात्यातलेच आहे. अनेक रोग्यांस या औषधाने गुण आल्याचे समकालीनांनी नोंदविले आणि दूरदूरचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले.

मात्र औषधाचा मुख्य घटक कोणता हे त्यांनी हयातीत जाहीर केले नाही. प्रयोग पुरे झाल्यावाचून काही प्रसिद्ध करायचे नाही, असे त्यांचे धोरण असल्याचे सांगितले जाते. गुप्त औषध हे वैदूंचे लक्षण समजणाऱ्या डॉक्टरवर्गाला ही भूमिका पटणे शक्य नव्हते आणि त्यांचा आक्षेप रास्तही होता, कारण ज्या उपचाराची पडताळणी इतरांना करता येत नाही त्याचा लाभ एकाच डॉक्टरच्या रोग्यांपुरता राहतो. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या व्यवसायात हिंदी पदवीधराला बरोबरीचे स्थान नव्हते तेथे आपला अपुरा शोध हाती देण्यास भाऊ दाजी कचरले असल्यास तेही समजण्यासारखे आहे. या दोन्हींची किंमत रोग्यांनी मोजली. त्यांच्या मृत्यूनंतरच औषधाचे मूळ लोकांपुढे आले.

कडू कवठाच्या तेलाचे पुढे बरेच झाले. त्याने उलट्या होत, म्हणून ते टोचून देण्याच्या पद्धती निघाल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वर्गातील तेले कुष्ठरोगावरील मुख्य औषध म्हणून जगभर वापरली गेली. इ.स. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले आणि १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार सुरू झाला, तेव्हा ती मागे पडली. रोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांना इ.स. १८७३ मध्ये, म्हणजे भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी दिसला होता. त्यानंतर विलगीकरणाचे मत जोर धरत गेले. मुंबईत इ.स. १८९० मध्ये माटुंग्यास बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला आणि इ.स. १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा झाला. तो कायदा रद्द होण्यास इ.स. २०१६ पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने रोगमुक्त कुष्ठरुग्णांना दिव्यांग व्यक्तींत स्थान दिले.

सार्वजनिक कार्य

इ.स. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या अधिसभासदांत त्यांची नेमणूक झाली. स्त्रीशिक्षणाला त्यांचा सक्रिय पाठिंबा होता. इ.स. १८६२ मधील गाजलेल्या महाराज खटल्यात त्यांनी करसनदास मूळजी यांच्या बाजूने साक्ष दिली. इ.स. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. इ.स. १८६५ च्या सुमारास कापसाच्या तेजीनंतर शेअर बाजार कोसळला, त्यात त्यांची मोठी आर्थिक हानी झाली.

प्राच्यविद्या संशोधन

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे बहुतेक संशोधन प्रसिद्ध झाले. कालिदासाचा काळ, गिरनारचा रुद्रदामन्‌चा लेख आणि चाळीसगावजवळील पाटण येथील भास्कराचार्यांच्या घराण्याचा लेख हे त्यांचे विषय होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांची त्यांनी वाचने तयार केली, त्यांतून वाकाटक राजांची वंशावळ अभ्यासकांसमोर आली. हा सारा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस असलेले भोकरदन म्हणजे सांची व भारहूत येथील दानलेखांतील भोगवर्धन होय. तेथील प्राचीन वस्तीचे उत्खनन मात्र भाऊ दाजींनंतर शंभर वर्षांनी, इ.स. १९७३-७४ मध्ये झाले. काठेवाडातील तरुण भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईस बोलावून त्यांनी संशोधनास लावले. पुढे भगवानलाल स्वतः थोर पुराभिलेखज्ञ म्हणून मान्यता पावले.

अखेर व स्मृती

अखेरच्या काळात अर्धांगवायूने त्यांना जखडले. इतरांच्या लुळ्या हातापायांवर उपचार शोधणाऱ्या या डॉक्टरांचे हाती घेतलेले लेखन त्यामुळे अपुरे राहिले, आणि कुष्ठरोगावरील प्रयोगांचा सविस्तर वृत्तान्तही त्यांच्या हातून लिहून झाला नाही. ३१ मे १८७४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बंधू नारायण दाजी पुढल्याच वर्षी वारले.

त्यांचे विखुरलेले लेख रामचंद्र घोष यांनी संपादित करून इ.स. १८८८ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केले. अनंत काकबा प्रियोळकर यांनी त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले आहे. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला होता. इ.स. १९७५ मध्ये त्या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे नाव देण्यात आले.