ग्लेन कर्टिस

ग्लेन हॅमंड कर्टिस (२१ मे, १८७८ – २३ जुलै, १९३०) हे अमेरिकन सायकलपटू, मोटारसायकल-निर्माते आणि विमानविद्येच्या आरंभकाळातील एक अग्रणी संशोधक होते. राइट बंधूंशी झालेल्या प्रदीर्घ पेटंट-खटल्यामुळे त्यांचे नाव अधिक चर्चिले जाते. परंतु त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचा उगम सायकलीला जोडलेल्या एका लहानशा इंजिनात आहे.

बालपण

न्यू यॉर्क राज्यातील क्यूका सरोवराच्या काठी असलेल्या हॅमंड्सपोर्ट या गावी त्यांचा जन्म झाला. द्राक्षमळे आणि मद्यनिर्मिती यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. ग्लेन जेमतेम चार वर्षांचे असताना वडील वारले. धाकटी बहीण रुथा हिला मेंदुज्वरामुळे बहिरेपण आले. ग्लेन यांचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. रॉचेस्टर येथे ईस्टमन यांच्या छायाचित्रण-साहित्याच्या कारखान्यात आणि पुढे सायकलवरून तारा पोहोचविण्याच्या कामावर त्यांनी नोकरी केली. सायकलच्या शर्यती जिंकण्याचा नाद त्यांना याच काळात लागला. १८९८ साली लीना नेफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते हॅमंड्सपोर्टमध्ये सायकलींचे दुकान चालवू लागले. त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणीच दगावला.

डब्याचा कार्ब्युरेटर

१९०१ साली कर्टिस यांनी बफेलो येथील थॉमस यांच्याकडून इंजिनाचे ओतीव भाग टपालाने मागविले. भाग आले ते अपुरे आणि ओबडधोबड. त्यांना छिद्रे पाडणे, घासणे, जुळविणे हे काम ग्राहकानेच करावयाचे होते. कार्ब्युरेटर तर त्यांत नव्हताच. तेव्हा टोमॅटोच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तारेची बारीक जाळी बसवून कर्टिस यांनी तो स्वतः तयार केला. दिव्याच्या वातीतून तेल चढते त्याप्रमाणे पेट्रोल या जाळीतून वर चढे, त्याची वाफ होई आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेत मिसळून ती सिलिंडरमध्ये जाई.

ही युक्ती दिसते तितकी सोपी नव्हती. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा मिळाली, तर ज्वलन पूर्ण होते. हवा कमी पडली तर काळा धूर निघतो आणि ठिणगीच्या टोकावर काजळी धरते. हवा अधिक झाली तर इंजिन तापते व धक्के देते. वातीच्या किंवा जाळीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जातो आणि जड अंश मागे राहतो. थंडी, उष्णता आणि रस्त्याचे हिसके यांनीही मिश्रण बदलते. त्यामुळे एकदा जुळविलेले यंत्र थोड्या वेळाने पुन्हा बिघडे व कानाने आवाज ऐकतच ते सुधारावे लागे. कर्टिस यांचा हा कान शर्यतीच्या सायकलींवर नव्हे, तर याच डब्यावर तयार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिले इंजिन दुबळे निघाले. नंतर मागविलेले मोठे इंजिन सायकलीला पेलवेना. तेव्हा कर्टिस यांनी स्वतःच हलकी इंजिने घडविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या गाड्या प्रथम ‘हर्क्युलस’ या नावाने विकल्या जात. ते नाव दुसऱ्याच्या वापरात असल्याचे कळल्यावर त्यांनी आपले आडनाव दिले. जानेवारी १९०४ मध्ये फ्लॉरिडातील ऑर्मंड बीच येथे त्यांनी दहा मैलांचे अंतर ८ मिनिटे ५४ सेकंदांत तोडले. २४ जानेवारी, १९०७ रोजी तेथेच विमानासाठी बनविलेले आठ सिलिंडरांचे इंजिन मोटारसायकलीवर चढवून त्यांनी एक मैल २६.४ सेकंदांत पार केला. हा वेग ताशी सुमारे २१९ किलोमीटर होतो. परतीच्या फेरीत गाडी मोडली आणि विक्रमाला अधिकृत मान्यता मिळाली नाही. कर्टिस मात्र सुखरूप राहिले.

विमाने आणि वाद

हलक्या इंजिनांची कीर्ती ऐकून टॉमस बाल्डविन यांनी आपल्या ‘कॅलिफोर्निया ॲरो’ या वायुनौकेसाठी कर्टिस यांचे इंजिन घेतले (१९०४). पुढे १९०७ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी स्थापन केलेल्या विमानप्रयोग मंडळात कर्टिस दाखल झाले. ४ जुलै, १९०८ रोजी ‘जून बग’ या विमानातून दीड किलोमीटरचे जाहीर उड्डाण करून त्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’चा चषक मिळविला. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रँस येथे त्यांनी गॉर्डन बेनेट चषक जिंकला. २९ मे, १९१० रोजी ऑल्बनी ते न्यू यॉर्क असे उड्डाण करून दहा हजार डॉलरांचे पारितोषिक पटकाविले. १९११ साली सॅन डिएगो येथे त्यांचे विमान पाण्यावरून उडाले व पाण्यावरच उतरले. अमेरिकेतील वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्या नावे आहे, पण तो केवळ आडनावांच्या वर्णक्रमामुळे. राइट बंधू साहजिकच शेवटी आले.

विमानाचा तोल राखण्याच्या पद्धतीवर राइट बंधूंनी हक्क सांगितला आणि १९०९ साली कर्टिस यांच्याविरुद्ध खटला भरला. १९१४ मध्ये निकाल राइट यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी कर्टिस यांनी सॅम्युएल लँग्ली यांचे १९०३ साली कोसळलेले विमान अनेक फेरफार करून क्यूका सरोवरावर अल्पकाळ उडविले. मूळ विमान उडण्याजोगे होते असा अर्थ स्मिथसोनियन संस्थेने त्यातून काढला. हा दावा न्याय्य नव्हता. १९४२ साली संस्थेलाच तो मागे घ्यावा लागला. कर्टिस यांच्या चरित्रातील ही उणी बाजू झाकण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर १९१७ साली सर्व पेटंटे एकत्र करण्यात आली, तेव्हा हा वाद व्यवहारापुरता संपला. कर्टिस यांच्या कंपनीच्या ‘जेनी’ विमानांवर त्या युद्धात असंख्य वैमानिकांनी शिक्षण घेतले.

उत्तरायुष्य

१९२० नंतर कर्टिस विमानधंद्यातून बाजूला झाले आणि फ्लॉरिडात हायलिया, मायामी स्प्रिंग्ज व ओपा-लोका ही गावे वसविण्यात रमले. १९३० साली एका जुन्या भागीदाराने लावलेल्या दाव्याच्या कामासाठी रॉचेस्टरला गेले असता त्यांना आंत्रपुच्छाचा विकार उद्भवला. बफेलो येथे शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कर्टिस आणि राइट या नावांच्या कंपन्या विलीन होऊन ‘कर्टिस-राइट’ निर्माण झाली होती. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी बंगळूर येथे स्थापन केलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात १९४२ साली तयार झालेले ‘हॉक’ हे लढाऊ विमान याच कंपनीच्या आराखड्याचे होते.