नगरपालिकेतील जोतीराव

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले सर्वांना परिचित आहेत. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य असलेले जोतीराव मात्र क्वचितच आठवले जातात. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे जोतीरावांनी सुचविले. ३२ नियुक्त सदस्यांपैकी विरोधी मत त्यांचे एकट्याचेच पडले. आणि तेही ज्या सरकारने नेमले, त्याच्याच प्रतिनिधीच्या मानपानाविरुद्ध! शहरात भव्य मंडई बांधण्यासही त्यांनी याच कारणास्तव विरोध केला. मंडई उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. आज तीच महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.