महादजी शिंदे : निष्ठा गादीशी, झुंज कारभाऱ्याशी

जून १७९२. ज्यांच्या फौजेच्या आधारावर दिल्लीचा बादशहा तख्तावर टिकून होता, ते महादजी शिंदे पुण्याच्या दरबारात आले आणि सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले. बरोबर आणलेले नवे जोडे त्यांनी तरुण पेशव्यांपुढे ठेवले. वडील राणोजी पहिल्या बाजीरावांचे जोडे सांभाळायचे, आपलं कामही तेच, असं ते म्हणाल्याची आठवण आजही सांगितली जाते.

कुणी याला नम्रता म्हणतं, कुणी नाटक. पण हा मुजरा गादीला होता, नाना फडणवीसांना नव्हे. समजून घ्यायचं ते इथेच.

कागदोपत्री दोघंही पेशव्यांचेच चाकर. पण १७७४ साली जन्मलेले सवाई माधवराव लहान होते, म्हणून कारभार नानांच्या हाती गेला. खजिना त्यांचा, लेखणी त्यांची, बातमीदार त्यांचे. सरदारांचे धनी पेशवे असले, तरी वरिष्ठ म्हणून गाठ पडायची ती नानांशीच.

महादजी १७६१ च्या पानिपतातून जबर जखमी होऊन वाचले. राणेखान भिस्त्याने त्यांचा जीव वाचवला, पण पाय कायमचा अधू झाला. त्याच उत्तरेत दहा वर्षांनी मराठी फौजा परतल्या आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम दिल्लीत आला. १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला. त्यावर पुण्याची मोहोर उमटायला मात्र कित्येक महिने गेले. १७८४ मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद दिलं. महादजींनी ते पेशव्यांच्या नावाने घेतलं आणि स्वतः नायब राहिले.

१७८७ ची लालसोटची मोहीम अंगाशी आली. शिपायांचे पगार थकले होते, बादशाही पलटणी फुटून शत्रूला मिळाल्या. महादजींनी पुण्याकडे मदत मागितली. नानांनी अलीबहाद्दर आणि तुकोजी होळकर यांना पाठवलं खरं, पण त्या मदतीत पहाराही होता. मुलखाच्या वाटणीवरून तिघांत खटके उडत राहिले. तरीही १७८८ मध्ये महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली. पुढे १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याला राजपुतांच्या फौजा मोडल्या.

मग पुण्यात हिशेबाचं भांडण सुरू झालं. नाना उत्तरेच्या वसुलीचा हिशेब मागत होते. महादजींचं म्हणणं, खर्च वसुलीपेक्षा जास्त झालाय, तो सरकारने द्यावा. तरुण पेशवे महादजींकडे ओढले जाऊ लागले आणि नानांना धास्ती बसली. ती अगदीच निराधार नव्हती. महादजीही डाव टाकण्यात कच्चे नव्हते. १७९३ मध्ये ते पुण्यात असतानाच लाखेरीला शिंदे आणि होळकरांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. त्या जखमेची ठसठस ग्वाल्हेर-इंदूरने पुढे कैक वर्षं सोसली.

पण एक गोष्ट महादजींनी केली नाही. कवायती पलटणी हाताशी असूनही पुण्याच्या गादीवर हत्यार चालवलं नाही. नानांशी भांडले, अडून बसले, शेवटी तडजोडीला आले.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला त्यांचं निधन झालं. त्यांची छत्री आजही तिथे आहे. नानांचा प्रतिस्पर्धी गेला, पण त्यांना आवर घालणारा आणि दौलतीला उत्तरेत आधार देणारा माणूसही गेला. १७९५ मध्ये खर्ड्याचा विजय मिळाला आणि त्याच वर्षी सवाई माधवराव वारले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केलं. १८०२ मध्ये वसईच्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली.

वरिष्ठाशी वाकडं असूनही घराशी इमान राखता येतं, हे महादजींनी दाखवलं. त्यांच्या वारसाला ते जमलं नाही, आणि त्याची किंमत एकट्या पुण्याने नाही, सगळ्या मराठी मुलखाने मोजली.