लक्ष्मणराव किर्लोस्कर व भंगारांतील लोखंड

आमच्या बारामती-इंदापूरकडील मुलांस लोहाराचा भाता नवा नाहीं. झिजलेली कानस तो फेंकून देत नाहीं. तिची छिन्नी करतो. कानस लाल तापवून राखेंत सावकाश निवविली म्हणजे मऊ पडते. मग ती घडवून, धार पुन्हां लाल करून पाण्यांत विझवावी, आणि शेवटीं मंद आंचेवर जांभळट रंग चढेपर्यंत उतरवावी. हें पाणी देणें चुकलें तर छिन्नी पहिल्याच घावाला तुटते. भंगाराकडे अशाच डोळ्यांनीं पाहणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र येथें सांगतों.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार होण्यासाठीं ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंग त्यांस नीट ओळखतां येत ना, म्हणून ती आशा सुटली. यंत्रांच्या आकृत्यांस रंग लागत नाहींत! तीच विद्या त्यांनीं धरली व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक झाले. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांच्या सायकलींच्या दुकानांत आले. तेथें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर होऊं लागले. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पुढें नगरपालिकेनें जागा सोडावयास लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगांनीं व नागांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली.

खरी परीक्षा १९१४ च्या महायुद्धानें घेतली. नांगर ओतावयाचे बीड परदेशाहून येई, तें येईना. भट्टी विझली तर कामगारांनीं खावें काय? लक्ष्मणरावांनीं कोल्हापूर दरबाराकडून किल्ल्यावरील जुन्या तोफा मिळविल्या. कानशीचें पोलाद घडतें, त्यास पाणी देतां येतें. तोफेचें बीड घणाखालीं फुटतें. पण तेच तुकडे भट्टींत वितळवून वाळूच्या सांच्यांत ओतले कीं नवी वस्तु होते. तोफांचे नांगर झाले! यशया संदेष्ट्याचा ग्रंथ ज्यांनीं वाचला आहे, त्यांस येथें काय आठवेल हें सांगणें नको.

आमच्या भागासही हा नांगर परका राहिला नाहीं. नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ पासून इकडे मिळूं लागलें. उसाबरोबर काळ्या रानांत हरळीही माजली. तिच्या खोल मुळ्यांपर्यंत लांकडी नांगर पोंचत नसे. लोखंडी पोंचे, मात्र तो ओढावयास बैलांच्या अधिक जोड्या लागत, आणि ज्याच्या दावणीला एकच जोडी तो शेजाऱ्याच्या सवडीची वाट पाही. किर्लोस्करवाडीस उसाचे चरकही होऊं लागले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं वारले.