लंडन ते डार्विन : ॲमी जॉन्सन

विद्यार्थ्यांनो, जगाचा नकाशा उघडा. इंग्लंडमधील लंडन शहरावर बोट ठेवा. आता ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन बंदर शोधा. आजचे जेट विमान हे अंतर एका दिवसाच्या आत कापू शकते. १९३० साली ॲमी जॉन्सन या तरुणीने एका लहानशा विमानातून हा प्रवास एकटीने केला. तिला साडेएकोणीस दिवस लागले.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठात शिक्षण घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली. फावल्या वेळात ती विमान चालवायला शिकली. तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. विमानाचे यंत्र खोलणे, दुरुस्त करणे हेही तिने शिकून घेतले. या कामाचा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली.

५ मे १९३० रोजी 'जेसन' नावाचे जुने विमान घेऊन ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. त्याआधी तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता!

आता थोडे गणित करू. तिचा मार्ग सुमारे १७,७०० किलोमीटरचा होता. विमानाचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होता. भागाकार केला तर सुमारे १२६ तास, म्हणजे सव्वापाच दिवस होतात. मग इतके दिवस का लागले? कारण विमानाला पेट्रोल हवे होते आणि ॲमीला विश्रांती. शिवाय वाटेत संकटेही आली. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळामुळे तिला वाळवंटात उतरावे लागले.

हिंकलर या वैमानिकाने १९२८ साली हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम मोडण्याची ॲमीची इच्छा होती. ती सहा दिवसांत कराचीला पोहोचली, तेव्हा ती हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती. पुढे पेट्रोल कमी पडल्याने ती झाशीला उतरली. रंगूनजवळ उतरताना विमान खड्ड्यात गेले आणि पंख मोडला. तेथील तंत्रशाळेतील लोक मदतीला धावले. विमानाच्या कापडापासून शिवलेले शर्ट फाडून पंख सांधला गेला. यात मोलाचे दिवस गेले. विक्रम हुकला, पण ॲमीने प्रवास सोडला नाही. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री होय.

दुसऱ्या महायुद्धात ती हवाई दलाची विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवत असे. असेच एक विमान नेताना ५ जानेवारी १९४१ रोजी ती टेम्स नदीच्या मुखाजवळ पाण्यात पडून मरण पावली. तिचा देह कधीच सापडला नाही. 'जेसन' मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे.

मित्रांनो, दोन शहरांमधील अंतर तुम्ही पट्टीने मोजू शकता. ते पार करण्यासाठी लागणारी हिंमत आणि चिकाटी मात्र नकाशावर दिसत नाही. ती ॲमीच्या जीवनात दिसते.