श्वासाचा जमाखर्च मांडणारे लॅव्हाझिए
ऑक्सिजनला नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचा शेवट गिलोटिनवर झाला. कारण ठरला करवसुलीचा मक्ता

कोरोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिलंय. ९८ दिसलं की घरात हायसं वाटायचं, ९०च्या खाली गेलं की गाडीची शोधाशोध. श्वासही मोजता येतो, त्याचाही हिशेब मांडता येतो, हे ज्यांनी जगाला पटवलं ते अंत्वान लॅव्हाझिए पेशाने डॉक्टर नव्हते. शिक्षण वकिलीचं आणि उत्पन्न करवसुलीचं!

२६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसच्या सधन घरात त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांच्या मार्गाने जाऊन त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण मन रमलं विज्ञानात. १७६८ साली, वयाच्या पंचविशीत, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडले गेले. त्याच वर्षी त्यांनी करवसुलीच्या मक्त्यात हिस्सा घेतला. राजाला ठराविक रक्कम द्यायची आणि मीठ, तंबाखू, जकात यांची वसुली स्वतः करायची, असा तो धंदा. पैसा भरपूर, लोकांचे शिव्याशापही तेवढेच. या कमाईतून त्यांनी उत्तम प्रयोगशाळा उभी केली. सकाळी आणि रात्री विज्ञान, मधला वेळ कामकाज, आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस फक्त प्रयोगांना, असा त्यांचा शिरस्ता होता.

पै-पैचा हिशेब

जिन्नस जळताना त्यातून 'फ्लॉजिस्टन' नावाचं काहीतरी बाहेर पडतं, असं तेव्हा विद्वान मानत. लॅव्हाझिए यांनी तराजू पुढे ओढला. धातू तापवून त्याचं भस्म केलं तर वजन वाढतं. काही बाहेर पडत असेल तर वजन वाढेल कसं? जमा आणि खर्च जुळलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

त्यांनी बंद हवेत पारा सलग १२ दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भस्म चढलं आणि हवा सुमारे एक षष्ठांशाने घटली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझत होती, प्राणी गुदमरत होते. मग ते लाल भस्म वेगळं तापवलं, तर जवळपास घटली तेवढीच हवा परत मिळाली आणि तिच्यात मेणबत्ती लख्ख पेटली. हा वायू इंग्लंडचे प्रिस्टली आणि स्वीडनचे शील यांनी आधीच मिळवला होता, पण तो नेमका काय आहे हे लॅव्हाझिए यांनी ओळखलं. त्याला ऑक्सिजन हे नावही त्यांनीच दिलं.

पुढचा प्रश्न श्वासाचा. १७८३च्या सुमारास गणिती लाप्लास यांच्यासोबत त्यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या उबेने किती बर्फ वितळला आणि श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड निघाला, दोन्ही मोजलं. तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळून पुन्हा बर्फ मोजला. आकडे तंतोतंत नाही, पण जवळ आले. म्हणजे श्वसन हेसुद्धा एक संथ ज्वलनच!

मजुराचा श्वास

१७९०च्या आसपास सहकारी सेगॅं यांनी तोंडाला मुखवटा लावून स्वतःवर प्रयोग करून घेतले. जेवणानंतर ऑक्सिजन जास्त लागतो, थंडीत जास्त लागतो आणि वजन उचलताना तर बसल्या वेळेच्या अडीच पटींहून अधिक लागतो, असं दिसलं. इथे लॅव्हाझिए यांना एक गोष्ट टोचली. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाचं शरीर बसून खाणाऱ्यापेक्षा जास्त जळतं, आणि ती झीज भरून काढायला अन्न मात्र त्यालाच कमी मिळतं. ही खंत त्यांनी शोधनिबंधात लिहूनही ठेवली. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या फडावर आजही हा हिशेब लागू पडतो.

एका ठिकाणी मात्र ते चुकले. हे ज्वलन फुफ्फुसातच होतं, असं त्यांना वाटलं. फुफ्फुस ही खरी तर देवघेवीची पेढी. छातीखालचा श्वासपटल खाली सरकला की हवा आत ओढली जाते, श्वासनलिकेच्या फांद्या-उपफांद्यांतून सुमारे ३० कोटी वायुकोशांपर्यंत पोचते. तिथल्या अतिशय पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, सोडलेल्या हवेत १६ टक्के. कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४वरून ४ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रत्यक्ष ज्वलन होतं ते शरीरातल्या पेशीपेशीत. हे पुढच्या शतकात स्पष्ट झालं.

जकातीची भिंत

चोरटा माल रोखायला पॅरिसभोवती जकातीची भिंत बांधावी, ही सूचना लॅव्हाझिए यांचीच. शहर चिडलं. क्रांतीनंतर मारा या पुढाऱ्याने त्यांच्यावर आरोप केला, की या भिंतीने पॅरिसची हवा कोंडली. हवेचा अभ्यास करणाऱ्यावर हवा अडवल्याचा ठपका!

नोव्हेंबर १७९३ मध्ये करमक्तेदारांना अटक झाली. तंबाखूत पाणी मिसळल्याचाही आरोप होता. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ जणांना गिलोटिनवर चढवलं. त्यांत ५० वर्षांचे लॅव्हाझिए होते, सासरे जाक पोल्झही होते. एकाच दिवशी मारी-ॲन यांनी नवरा आणि बाप दोघेही गमावले.

लग्नात तेरा वर्षांच्या असलेल्या मारी-ॲन नवऱ्यासाठी इंग्रजी शिकल्या होत्या, त्यांच्या ग्रंथातल्या आकृत्याही त्यांनीच काढल्या होत्या. जप्त झालेली कागदपत्रं त्यांनी परत मिळवली आणि नवऱ्याचे निबंध छापून घेतले. श्वसनाच्या प्रयोगाचं त्यांनी काढलेलं चित्र आजही आहे. सेगॅं मुखवटा लावून बसलेत, लॅव्हाझिए सूचना देताहेत आणि एका बाजूला टेबलाशी बसून आकडे टिपून घेणारी बाई आहे, ती म्हणजे स्वतः मारी-ॲन.