विश्लेषण : ‘आकाशवाणी’च्या धूनमागचे वॉल्टर कॉफमन कोण होते?

सकाळचे प्रसारण सुरू होण्याआधी तानपुऱ्यावर उमटणारी आकाशवाणीची व्हायोलिनची धून नांदेड-लातूरकडच्या कित्येक घरांत पाठ आहे. शिवरंजनीची आठवण करून देणारी ही धून बांधली ती युरोपातून आलेल्या एका ज्यू संगीतकाराने. ठाकूर बलवंत सिंग यांचेही नाव घेतले जाते. पण बहुतेक अभ्यासक श्रेय देतात ते वॉल्टर कॉफमन यांनाच.

जन्म १९०७ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्ल्सबाड गावचा. शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. मार्गदर्शक नाझी असल्याचे कळताच त्यांनी पीएच.डी. घेण्यास नकार दिला. हिटलर सत्तेवर आलेला होता. भारताचा व्हिसा सहज मिळत होता, म्हणून १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले आणि बारा वर्षे राहिले.

भारतीय संगीत पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा त्यांना काहीच उमगले नव्हते. पण लाखो लोकांना जे आवडते ते आपल्याला कळत नसेल, तर दोष आपल्याच कानाचा, असे त्यांनी ठरवले. एवढा प्रामाणिकपणा तेव्हाच्या युरोपीय संगीतकारांत विरळाच!

मुंबईत त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी मैफल. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिन मेहता यांचे वडील) आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले मोठे वाद्य. बसून, गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचे. मे १९३७ पर्यंत या संस्थेचे १३६ कार्यक्रम झाले. त्याच वर्षी कॉफमन ‘ऑल इंडिया रेडिओ’त पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. तोवर मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये तो मुक्त झाला, १९५० मध्ये निजामाचे रेडिओ केंद्र ‘ऑल इंडिया रेडिओ’कडे आले. कॉफमन तेव्हा कॅनडात होते, विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालक.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवातली सिनेगीते आठवतात. तिकडचा वाद्यवृंद म्हणजे समोर लिहिलेले संगीत ठेवून एकत्र वाजवणारे कित्येक वादक. पाहुणा चेलोवादक आला, की तो संचालकाच्या शेजारी, सर्वांच्या पुढे बसतो. चेलोचा स्वर खालचा. बाकीच्यांनी जोर केला तर तो बुडून जातो. म्हणून संचालकाला सगळ्या ताफ्याचा आवाज आवरून धरावा लागतो. मुंबईत पियानोवर बसून व्हेर्गांच्या चेलोला जागा देणाऱ्या कॉफमन यांना हे वेगळे शिकावे लागले नसावे.

विनिपेगमध्ये ते १९५७ पर्यंत होते. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. उत्तर आणि दक्षिण भारतातील रागांवर त्यांनी दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.